कळीचा चुना

मी तिच्यावर सात वर्षं होतो.
आधी स्वयंपाकी, मग शिडांवर,
शेवटी, माणसं परवडेनात तेव्हा, दोन्ही.

हल्डा ड्रिंकवॉटर. बांधणाऱ्याच्या सासूचं नाव.
आडनावाचा सरळ अर्थ: पाणी पी.
चुना वाहणाऱ्या गलबताला हे नाव
कुणी शुद्धीत ठेवलं नसणार,
असं रॉकलंडच्या धक्क्यावर सगळेच म्हणायचे
आणि पिंपं चढवत राहायचे.

येताना भट्ट्यांसाठी लाकूड, फंडीच्या आखातातून,
डेकवर छातीइतकं रचलेलं;
सुकाणूवरच्याला पुढचं काही दिसायचं नाही.
कप्तान क्रॉकेट त्या ढिगावर उभा राहून ओरडायचा,
डावं, डावं, अरे डावं,
आणि तंबाखू थुंकायचा उजवीकडे.
जाताना बाराशे पिंपं कळीचा चुना, बॉस्टनला.
तिथल्या दिवाणखान्यांच्या भिंती आम्ही पाहिल्या नाहीत.
एकमेकांच्या भुवया पाहिल्या,
विशीतच पांढऱ्या.

बांधताना तिच्या बरगड्यांत मीठ भरलं होतं,
लाकूड कुजू नये म्हणून.
खाल्ल्या मिठाला जागली ती. पस्तीस वर्षं.
मग एका सांध्यातून, कुठल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही,
थोडं पाणी आत गेलं.
वाटीभर असेल.

आधी वास आला.
नुकत्याच सफेदी दिलेल्या खोलीचा,
जिथे उद्या कुणी राहायला येणार असतं.
कप्तानानं चमचा खाली ठेवला.
"इमरी, बूट काढ. पुढे जाऊन उभा राहा."
जानेवारी होता. माझ्या तळव्यांना
फळ्या उबदार लागल्या, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गादीसारख्या.

या आगीवर पाणी टाकायचं नसतं.
चहूकडे तेच, आणि तेच टाकायचं नाही.
चुन्यातलाच चुना कालवून आम्ही फटी लिंपल्या:
फाळक्याच्या कडा, केबिनचं दार,
धुराड्याचं तोंड, कुलपाचं भोक.
हवा कोंडली की विझते म्हणतात,
महिन्यात. तीन महिन्यांत. कधी नाहीच.
एका बेटाआड नांगर टाकला, इतर गलबतांपासून लांब,
आणि शिडाच्या कापडाखाली डेकवरच राहिलो.
बेटावरची पेटिग्रूबाई वल्हवत बटाटे आणायची,
टोपली ठेवायची, मग हातमोजे काढून
आमच्या फळ्यांवर तळहात टेकायची.
"माझ्या चुलीपेक्षा बरी आहे ही," एकदा म्हणाली.
मग लाजली.

नवव्या रात्री बर्फ.
बेटावर साचला, खडकांवर साचला,
बांधलेल्या होडीत गुडघाभर साचला.
आमच्या डेकवर मात्र टिकेना.
पडायचा तोच पाणी व्हायचा
आणि पाणी खाली वाट शोधायचं.
आम्ही चौघं झाडू, फावडी, पातेल्याची झाकणं घेऊन
आभाळाशी भांडत राहिलो.
कप्तानानं फाळक्यावर स्वतःचा कोट पसरला, मग रजई,
मग स्वतःच आडवा झाला.
पहाटे लिंपण तडकलं
आणि त्या भेगेतून तिनं श्वास सोडला.

होडीत उतरून त्यानं स्वतः कुऱ्हाड चालवली,
पाण्याच्या रेषेवर, पाचव्या फळीत.
आम्हाला हात लावू दिला नाही.
"पी आता," म्हणाला.

ती उकळत गेली. एवढंच सांगतो.
ओहोटी येईपर्यंत खाडी ताकासारखी दिसत होती.
विमा नव्हता. चुन्याला कुणी देतच नसे.

पुढे मी किनाऱ्यावर राहिलो, लग्न केलं.
धाकटीला दूध पचेना तेव्हा डॉक्टरनं बाटली दिली:
चुन्याची निवळी, दोन चमचे, दुधातून.
मी ती खिडकीशी धरली.
आरपार दिसत होतं,
अंगण, दोरीवरचे कपडे, कुंपण.
बायको म्हणाली, अरे, दे ना, ती रडतेय.